हिवताप : घेणारा आणि देणारा

(हीरक महोत्सवानिमित्त संस्थेच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानमालेतील अखेरचे भाषण)



ह्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय झाले, नाट्यसंगीत झाले, निजामाच्या अमदानीतील मराठी शाळांचीही हकीकत झाली. आता शेवटच्या दिवशी मी तुमच्यापुढे हिवताप घेऊन उभा आहे. पत्रिका छापखान्यात देण्यापूर्वी कार्यवाहांनी मला दोनदा विचारले, "डॉक्टर, विषय हाच ना?" मी म्हटले, हाच. उत्सवात तापाचे नाव काढू नये असे जुन्या मंडळींना वाटणे साहजिक आहे. परंतु ज्या संस्थेने आपला दवाखाना इतकी वर्षे चालविला, तिच्या उत्सवात हा पाहुणा अगदीच परका ठरू नये.

आणखी असे की, आपण हैदराबादेत राहतो. हिवतापाचा जंतू डासाच्या पोटात वाढतो ह्याचा पहिला पुरावा जगाला मिळाला तो ह्याच शहरात, बेगमपेठेत. काचीगुड्याहून सिकंदराबादेकडे जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी जुन्या विमानतळाजवळची ती इमारत आत जाऊन पाहिली आहे, हे मी विचारीत नाही. उत्तर मला ठाऊक आहे.

मला आज एका प्रश्नापर्यंत तुम्हांला न्यायचे आहे. तो वैद्यकाचा आहे तितकाच धर्मादायाचाही आहे. ज्या टोचणीने मला स्वतःला ताप येण्याचे टळणार नाही, फक्त माझ्यापासून दुसऱ्याला तो जाण्याचे टळेल, अशी टोचणी मी घ्यावी काय? हा प्रश्न काल्पनिक नाही. अशा लसी आज प्रयोगशाळेतून बाहेर पडून माणसांवर तपासल्या जात आहेत. पण तिथपर्यंत पोचण्यासाठी वाटेत थोडे शास्त्र आहे. ते कंटाळवाणे होऊ नये ह्याची काळजी मी घेईन. तुम्ही जांभई आवरण्याची घ्यावी.

रोनाल्ड रॉस हा लष्करातील डॉक्टर. जन्म अल्मोड्याचा, १८५७ सालचा. १८९५ पासून सिकंदराबादेस तो डासांची पोटे फाडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. करडे डास पाहिले, पट्ट्यापट्ट्यांचे डास पाहिले, काही सापडेना. ऑगस्ट १८९७ मध्ये पंखांवर ठिपके असलेले निराळ्या जातीचे डास त्याच्या हाती आले. हुसेन खान नावाच्या रोग्याला मच्छरदाणीत निजवून ते डास आत सोडले. हुसेन खानाला दर डासामागे एक आणा मिळे. २० ऑगस्टला त्यांतील एका डासाच्या जठराच्या भिंतीत रॉसला काळ्या कणांनी भरलेल्या वाटोळ्या पेशी दिसल्या. ती बातमी त्याच सालच्या डिसेंबरात ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापली गेली. पुढल्या वर्षी कलकत्त्यास त्याने पक्ष्यांच्या हिवतापावर काम करून हा जंतू डासाच्या लाळग्रंथीपर्यंत कसा जातो ते दाखविले. माणसाच्या हिवतापात तेच घडते हे इटलीत ग्रास्सी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केले. १९०२ साली रॉसला नोबेल पारितोषिक मिळाले. हे सारे शाळेच्या पुस्तकात येऊन गेले आहे.

पुस्तकात न येणारी गोष्ट हुसेन खानाची. रॉसचे डास त्या दिवशी यशस्वी झाले, ते हुसेन खानाच्या रक्तात देण्यासारखे काही होते म्हणून. त्याच्या रक्तात चंद्रकोरीच्या आकाराचे जंतू होते, आणि रॉस मुद्दाम तसेच रोगी शोधीत असे. आपण नेहमी म्हणतो, डास हिवताप देतो आणि माणूस घेतो. डासाला बोलता आले असते तर त्याने उलट फिर्याद केली असती. डास जन्मतः निर्मळ असतो. आईच्या अंड्यातून हा जंतू त्याच्याकडे येत नाही. त्याच्या मादीने हिवतापाच्या माणसाचे रक्त प्यावे तेव्हाच तिला तो लागतो. म्हणजे प्रत्येक दूषित डासामागे कोणी तरी देणारा माणूस असतो. हा देणारा कोण, आणि सगळेच सारखे देतात काय, हा आजचा विषय आहे.

डास चावला की जंतू प्रथम यकृतात जातो, तेथे मुकाट्याने वाढतो, मग रक्तात उतरून तांबड्या पेशींत शिरतो. पेशी भरली की फुटते, शेकडो हजारो पेशी एकदम फुटल्या की थंडी वाजून ताप भरतो. दिवसाआड येणारा म्हणून त्याला आपल्याकडे एकांतरा म्हणत. ही जंतूची साधी रूपे. माणसाला आजारी पाडतात ती हीच. पण डासाच्या दृष्टीने ती कुचकामी आहेत. डासाच्या पोटात गेली की अन्नाबरोबर पचून जातात.

ह्या साध्या रूपांतील थोडी, फारच थोडी, वेगळ्या वाटेने जातात आणि त्यांची नर व मादी रूपे बनतात. ती माणसाला काही करीत नाहीत. त्यांच्यामुळे ताप येत नाही, अंग दुखत नाही. ती केवळ डासाची वाट पाहत रक्तात फिरत असतात. व्हायव्हॅक्स जातीत ती फार लवकर तयार होतात, पुष्कळदा रोगी डॉक्टरकडे जाण्यापूर्वीच. फाल्सिपेरम ह्या घातक जातीत त्यांना पिकायला दहा-बारा दिवस लागतात. तेवढा वेळ ती बहुतांशी हाडांतल्या मगजात दडून असतात आणि पूर्ण झाली की चंद्रकोरीच्या आकाराने रक्तात येतात. हुसेन खानाच्या कोरी त्या ह्याच.

येथे क्षणभर थांबावे असे मला वाटते, कारण पुढचे सगळे ह्यावर उभे आहे. आजार आणणारे जंतू वेगळे, रोग पसरविणारे वेगळे. एकाच रक्तात दोन्ही असतात, पण कामे निराळी. म्हणून ताप नसणे आणि दुसऱ्याला न देणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. ताप उतरला की आपण म्हणतो, सुटलो. आपण सुटलो असू. शेजारी सुटला असेलच असे नाही.

आता डासाच्या पोटात काय होते ते पाहू. मादी एका वेळी दोन-तीन घन मिलिमीटर रक्त पिते. साध्या थेंबाचा अदमासे विसावा हिस्सा. त्यात निदान एक नर आणि एक मादी जंतू आली पाहिजेत, नाही तर सगळा खटाटोप फुकट. माणसाच्या शरीराची ऊब सोडून रक्त थंड होते आणि डासाच्या शरीरातील एका आम्लाचा स्पर्श होतो. एवढी खूण मिळताच पंधरा-वीस मिनिटांत नर जंतूतून आठ शेपट्या झपाट्याने बाहेर पडतात. लाव्हरां ह्या फ्रेंच डॉक्टरने अल्जीरियात कॉन्स्टंटीन येथे ६ नोव्हेंबर १८८० रोजी एका सैनिकाच्या रक्तात वळवळताना पाहिल्या त्या ह्याच. त्या कशासाठी हे त्याला उमगले नव्हते. ते १८९७ साली मॅकॅलम ह्या तरुण कॅनेडियन संशोधकाने पक्ष्यांच्या रक्तात पाहिले. नर आणि मादी एक होतात, दिवसभरात त्यातून सरपटणारा जीव तयार होतो, तो जठराची भिंत भेदून पलीकडे गाठ धरतो. रॉसने पाहिली ती ही गाठ. तिच्यातून पुढे हजारो नवे जंतू निघून लाळग्रंथीत जातात.

माणसाच्या शरीरात ही नर-मादी रूपे तांबड्या पेशीच्या आत, अंगरख्यात लपलेली असतात. आपले प्रतिपिंड, म्हणजे रोगाशी झुंजण्यासाठी रक्तात तयार झालेली द्रव्ये, पेशीच्या आत पोचू शकत नाहीत. पण डासाच्या पोटात जंतूला संयोगासाठी अंगरखा फेकावाच लागतो. तो उघडा पडतो. आणि कुठे उघडा पडतो? आपल्याच रक्तात! डासाने जंतू तेवढे वेचून घेतलेले नसतात. त्यांच्यासोबत आपल्या रक्ताचे पाणीही, म्हणजे रक्तद्रव, गिळलेले असते आणि त्यात आपले प्रतिपिंड जसेच्या तसे असतात. पुढचे काही तास ते जिवंत शरीरात असावे तसेच काम करतात. नराच्या शेपट्यांना चिकटून त्यांचा गुंता करतात, मादीभोवती कडे करतात, रक्तातील इतर पूरक द्रव्यांच्या मदतीने जंतूच्या आवरणाला भोके पाडतात. माणूस आपल्या घरी झोपलेला असतो आणि त्याने तयार केलेले सैन्य परक्याच्या पोटात लढत असते. वैद्यकात चाळीस वर्षे काढूनही ह्या गोष्टीचे मला अजून नवल वाटते.

कोणी विचारील, जे जंतू उघडे पडतात डासाच्या पोटात, त्यांची ओळख माणसाच्या शरीराला कशी झाली? उत्तर सोपे आहे. रक्तातील बहुतेक कोरींना डास कधी भेटतच नाही. त्या काही दिवसांनी, काही आठवड्यांनी जागच्या जागी मरतात, फुटतात, आणि त्यांच्या अंगचे पदार्थ रक्तात सांडतात. शरीर ते पाहून ठेवते. अशा दोन पदार्थांना शास्त्रज्ञांनी त्यांच्या वजनावरून दोनशेतीस आणि अठ्ठेचाळीस-पंचेचाळीस अशी रूक्ष नावे दिली आहेत. तिसरा आहे पंचवीस. तो मात्र जंतू डासाच्या पोटात गेल्यावरच अंगावर चढवितो, त्यामुळे तो माणसाच्या शरीराच्या कधी दृष्टीस पडत नाही. ह्या पंचविशीची गोष्ट पुढे लसीच्या संदर्भात येईल.

हे सारे केवळ तर्काने मांडलेले नाही. अमेरिकेत हफ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९५८ साली पक्ष्यांना मारलेल्या जंतूंची टोचणी देऊन दाखविले की, पुढे त्या पक्ष्यांपासून डासांना रोग फारसा लागत नाही. त्याकडे तेव्हा कोणी लक्ष दिले नाही. डीडीटीच्या विजयाचे दिवस होते ते. १९७६ साली ग्वाड्झ ह्याने एकीकडे, आणि कार्टर व चेन ह्यांनी दुसरीकडे, कोंबड्यांवर तेच अधिक नेटाने करून दाखविले. कोंबडीच्या रक्तातले जंतू वाढायचे ते वाढलेच, पण डासांत शिरेनात.

माणसांतील पुरावा आपल्या शेजारून, लंकेहून आला. कोलंबोस कामिनी मेंडिस, कार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये व्हायव्हॅक्सच्या रोग्यांवरचे काम प्रसिद्ध केले. पद्धत ऐकण्यासारखी आहे. रोग्याच्या तांबड्या पेशी घ्यायच्या. त्यांतील काही त्याच्याच रक्तद्रवात ठेवायच्या, काही कधीच हिवताप न झालेल्या माणसाच्या रक्तद्रवात. दोन्ही रक्ते काचेच्या लहान भांड्यांत शरीराइतकी कोमट ठेवून, खाली पातळ पडदा ताणून, प्रयोगशाळेत वाढविलेल्या डासांना त्यातून पाजायची. आठवड्याने डासांची जठरे काढून मर्क्युरोक्रोममध्ये बुडवायची; हो, लहानपणी गुडघा फुटला की आई लावीत असे तेच लाल औषध. गाठी रंगून दिसू लागतात, त्या मोजायच्या. जंतू तेच, डास तेच. फरक फक्त रक्ताच्या पाण्याचा. आणि पुष्कळ रोग्यांच्या स्वतःच्या रक्तद्रवात गाठी कमी झालेल्या आढळल्या.

लंकेच्या ह्याच मंडळींना आणखी दोन गोष्टी दिसल्या. पहिला ताप येऊन गेल्यावर सुमारे चार महिन्यांच्या आत पुन्हा लागण झाली, तर हा प्रतिबंध चांगलाच वाढतो. अंतर त्याहून जास्त पडले तर शरीर जणू सगळे विसरून जाते. म्हणजे ही स्मृती आखूड आहे. दुसरी अशी की, ऐन थंडी-तापाच्या भरात रक्तातील काही द्रव्ये, पांढऱ्या पेशींच्या साहाय्याने, नर-मादी जंतूंना काही काळ निकामी करतात. ताप हा शत्रूच आहे असे नाही, तो थोडा पहारेकरीही आहे. आणि एक विचित्र निरीक्षण: प्रतिपिंड फार थोडे असतील तर काही प्रयोगांत डासांतील गाठी कमी होण्याऐवजी वाढल्या. ह्याचा अर्थ कसा लावावा ह्यावर एकमत नाही. पण लस करणाऱ्यांना ते विसरून चालत नाही.

आता हिशेब पाहा. आजारी माणसाच्या रक्तात जंतू अब्जावधी असू शकतात. पण निसर्गात पकडलेल्या दूषित डासाच्या जठरात गाठी सापडतात त्या बहुधा एक, दोन, फार तर चार-पाच. जंतूच्या साऱ्या आयुष्यात त्याची संख्या एवढी कमी दुसऱ्या कुठल्याही मुक्कामी होत नाही. अब्जांशी लढण्यापेक्षा पाचांशी लढणे शहाणपणाचे, हे सांगायला डॉक्टर लागत नाही. चोराला भर बाजारात गाठण्यापेक्षा पुलावर गाठावा, तसे हे आहे.

येथवर मी प्रतिकारशक्तीची स्तुती केली. तिची दुसरी बाजू न सांगता खाली बसणे बरोबर होणार नाही.

रॉबर्ट कॉख १८९९-१९०० मध्ये जावा आणि न्यू गिनीत गेला होता. तेथील लहान मुलांच्या रक्तात त्याला जागोजाग जंतू सापडले, मोठ्यांच्या रक्तात सापडले नाहीत. वारंवार लागण होऊन माणसाला प्रतिकार येतो, हा त्याचा निष्कर्ष खरा होता. पण मोठ्यांत जंतू नाहीतच, हे मात्र त्याच्या सूक्ष्मदर्शकाचे म्हणणे होते. आजच्या अधिक बारीक तपासणीने दिसते की, अशा प्रदेशांत कित्येक धडधाकट माणसे अल्प प्रमाणात जंतू बाळगून असतात. त्यांना ताप येत नाही, पानथरी वाढलेली असली तर असते, ती शेतावर जातात, लग्नाला जातात. ताप न येऊ देण्याचा प्रतिकार आधी येतो. रक्तातील जंतू कमी ठेवण्याचा प्रतिकार मागून, सावकाश. आणि डासाच्या पोटात लढणारा प्रतिकार कोणात येतो, कोणात येत नाही, आला तरी टिकत नाही. तिन्हींची चाल सारखी नसल्यामुळे मध्ये एक काळ असा येतो की, माणूस स्वतः आजारी नाही पण डासाला देतो मात्र भरपूर.

हा काळ बहुधा शाळकरी वयाचा. युगांडात टोरोरो जिल्ह्यात २०१७ ते २०१९ ह्या काळात काही कुटुंबांवर नजर ठेवून, त्यांचे रक्त वेळोवेळी डासांना पाजून पाहण्यात आले. औषध-फवारणी उत्तम चालू असलेला तो भाग. जेवढे डास दूषित झाले ते जवळजवळ सगळे लक्षणे नसलेल्या माणसांच्या रक्ताने झाले; तापाने आजारी होऊन आलेल्यांचा वाटा शंभरात एकही नव्हता. आणि त्यांतील साठ टक्क्यांहून अधिक डास केवळ चार मुलांच्या रक्ताने दूषित झाले होते. चार! ती मुले हसत-खेळत होती. आईबापांना त्यांना दवाखान्यात नेण्याचे काहीच कारण नव्हते. दवाखान्याच्या दारात बसून हिवताप संपविता येणार नाही, हे मला ह्या एका आकड्याने जितके पटले तितके दुसऱ्या कशाने पटले नाही.

आपल्याकडेही हेच दिसले. गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये २०२० च्या जानेवारीत घरोघर जाऊन सरसकट सर्वांचे रक्त तपासण्याची मोहीम सुरू झाली. पहिल्या फेरीत ज्यांच्यात जंतू सापडले त्यांपैकी निम्म्याहून अधिकांना कसलेही लक्षण नव्हते. ताप आलेल्यांनाच तपासण्याची जुनी रीत चालू राहिली असती तर ही सगळी माणसे सुटली असती.

शहरात चित्र निराळे. येथे लागण क्वचित होते, म्हणून प्रतिकारही नसतो; ज्याला जंतू लागतो तो बहुधा आजारी पडतो आणि डॉक्टरकडे येतो. पण शहरात इमारती उठतात, त्यांवर काम करायला जंगलभागांतून माणसे येतात, आणि गच्चीवरच्या उघड्या टाक्यांत स्टीफेन्सी जातीचा डास वाढतो. गोव्यात ह्याच कारणाने बांधकामावरील मजुरांना आरोग्यपत्रिका देऊन त्यांचे रक्त तपासण्याची व्यवस्था कायद्याने केली गेली. व्यवस्था चांगली. पण मजुराकडे "हा रोग घेऊन आला" अशा नजरेने पाहणारे लोक मी पाहिले आहेत, आणि ते मला मान्य नाही. त्याला ताप येत नाही, कारण लहानपणी त्याने पुष्कळ ताप सोसलेले आहेत. भावंडांपैकी कोणी तरी त्यात गमावलेलेही असेल. कोरी त्याच्या असतील, टाकी आमची आहे. त्याचे रक्त तपासायचे तर त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडू देऊ नये, निकाल त्याला त्याच्या भाषेत सांगावा, आणि औषध तेथल्या तेथे द्यावे. हुसेन खानालाही दर डासामागे आणा मिळत होता.

औषधाविषयी थोडक्यात. ताप उतरविणारे प्रत्येक औषध कोरी मारतेच असे नाही. जुने क्लोरोक्वीन फाल्सिपेरमच्या पिकलेल्या कोरींना काही करीत नाही. त्यासाठी प्रायमाक्वीनची एक मात्रा देतात. रोग्याचा ताप त्याआधीच उतरू लागलेला असतो. ही मात्रा खरे पाहता त्याच्या शेजाऱ्यासाठी असते. (व्हायव्हॅक्समध्ये तीच गोळी चौदा दिवस देतात, ती मात्र रोग्याच्याच यकृतात लपलेले जंतू काढण्यासाठी.) गरोदर स्त्रियांना आणि तान्ह्या मुलांना ती देत नाहीत, आणि जी-सिक्स-पीडी ह्या द्रव्याची जन्मजात उणीव असलेल्यांच्या तांबड्या पेशी तिने फुटू शकतात, म्हणून ती डॉक्टरच्या हातूनच घ्यावी. आपल्या दवाखान्यात कित्येक रोगी ताप उतरला की उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवून देतात. त्या कपाटातल्या गोळ्यांत शेजाऱ्याच्या मुलाचा वाटा असतो.

आता लसीकडे. २०२१ साली आणि पुन्हा २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी हिवतापाच्या दोन लसींची शिफारस केली. दुसरी ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांची असून पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटने तिचे उत्पादन केले, ह्याचा आपल्याला आनंद वाटणे योग्यच आहे. त्या दोन्ही डासाकडून माणसाकडे येणारी वाट अडवितात. मी बोलतो आहे ती लस माणसाकडून डासाकडे जाणारी वाट अडविणारी. दोनशेतीस ह्या पदार्थाच्या तुकड्यापासून केलेल्या लसीच्या चाचण्या आफ्रिकेत माली देशात झाल्या आहेत. पंचविशीच्या लसीत अडचण ही की, शरीराला तो पदार्थ एरवी कधी दिसत नसल्यामुळे पुढच्या लागणीने प्रतिपिंडांना उजाळा मिळत नाही. ते ओसरत जातात. दुसरी वाट तयार प्रतिपिंडच टोचण्याची. नेदरलंड्समध्ये निरोगी स्वयंसेवकांना अठ्ठेचाळीस-पंचेचाळीसविरुद्धचा असा एक प्रतिपिंड देण्यात आला; २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात त्यांचे रक्त कोरींमध्ये मिसळून पाजले तेव्हा डासांतील लागण जवळजवळ थांबली. आपल्याकडे भुवनेश्वरच्या प्रादेशिक वैद्यकीय संशोधन केंद्रात दोन्ही वाटा एकदम अडविण्याच्या हेतूने एक लस तयार झाली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२५ साली तिच्या उत्पादनासाठी उद्योगांना आवाहन केले. तोवर तिचे प्रयोग प्राण्यांवरच झालेले होते.

तर मग तो प्रश्न. दंडात सुई मी टोचून घ्यायची, दोन दिवस हात दुखणार माझा, आणि ताप टळणार दुसऱ्याचा. कोण घेईल? वैद्यकाच्या नीतिशास्त्रात ह्यावर खल चालू आहे, कारण धोका एकाने पत्करावा आणि लाभ दुसऱ्याला व्हावा हा लसीचा नेहमीचा व्यवहार नव्हे. पण अगदी अपूर्वही नव्हे. २०१७ पासून आपल्या देशात गोवर-रुबेलाची लस मुलींप्रमाणे मुलग्यांनाही दिली गेली. रुबेलाने मुलाचे विशेष बिघडत नाही. त्याच्या दंडात टोचलेली ती सुई कोणा न जन्मलेल्या बाळासाठी असते. एकाही बापाने त्यावर हिशेब मागितल्याचे मी ऐकले नाही.

शिवाय हा डास फार दूर जात नाही. बहुधा एक-दोन किलोमीटरच्या आतच त्याचा संसार. माझ्या रक्ताने दूषित झालेला डास दिल्लीला जाणार नाही. तो माझ्या नातवाच्या खोलीत जाईल, जिना उतरून भाडेकरूंकडे जाईल, गल्लीतल्या किराणावाल्याकडे जाईल. ज्याला आपण परोपकार म्हणतो आहोत तो ह्या बाबतीत फार तर चार घरे लांब आहे. मात्र एकट्याने घेऊन भागत नाही. वाड्याच्या सामायिक विहिरीसारखे हे आहे: एका बिऱ्हाडाने गाळ काढला आणि बाकीच्यांनी पाहिले, असे चालत नाही. बहुतेकांनी घेतली तरच पुलावरचा पहारा पक्का होतो.

आणि पहारा सैल झाला की काय होते ते दोन देशांनी पाहिले आहे. लंकेत १९६३ साली हिवतापाचे अवघे १७ रोगी नोंदले गेले. फवारणी थांबली, पैसा आणि लक्ष दुसरीकडे गेले, आणि १९६८-६९ मध्ये पाच लाखांवर लोक आजारी पडले. आपल्याकडे १९६५ साली सुमारे एक लाख असलेली नोंद १९७६ साली ६४ लाखांवर गेली. हलगर्जीपणा हे मुख्य कारण, औषधांना न जुमानणारे डास आणि जंतू हे दुसरे. पण मघाशी सांगितलेली चार महिन्यांची आखूड स्मृतीही येथे ध्यानात घ्यावी. रोग कमी झाला की प्रतिकारही ओसरतो, आणि परत आलेल्या जंतूला अडवायला कोणाच्याच रक्तात काही उरत नाही. लंकेने पुढे नेट धरला आणि २०१६ साली जागतिक आरोग्य संघटनेने तो देश हिवतापमुक्त जाहीर केला. त्यांनी तोपर्यंत अशी कोणतीही लस वापरली नव्हती. ताप आलेल्या प्रत्येकाचे, आणि परदेशांहून येणाऱ्या निरोगी दिसणाऱ्यांचेही, रक्त तपासण्याचा कंटाळा केला नव्हता, एवढेच.

पुढील महिन्यात आपल्या दवाखान्यातर्फे जवळच्या दोन बांधकामांवर रक्ततपासणीचे शिबिर घेण्याचे घाटत आहे. ताप असलेल्यांचीच तपासणी करावी, की सर्वांची, असा प्रश्न समितीपुढे आहे. माझे मत तुमच्या ध्यानात आलेच असेल. खर्च वाढेल, हे कोषाध्यक्षांचे म्हणणे खरे आहे, आणि ते समोरच बसले आहेत. मी येथे थांबतो. कोणास काही विचारावयाचे असल्यास अवश्य विचारावे.